पेट स्कॅन झालाय, मग आता गॅलियम डोटाटेट कशाला?

रानजाई
नमस्कार मंडळी. इथले आरोग्याचे धागे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आईचं वय ६३. बरेच दिवस तिचा चेहरा मध्येच लालबुंद व्हायचा, कानशिलं तापायची आणि वेळीअवेळी जुलाब. आधी पाळी गेल्याचा त्रास म्हणून औषधं झाली, मग आयबीएस (नाजूक आतड्याचा त्रास) म्हणून. शेवटी सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले आणि सीटीत लहान आतड्याच्या मेसेंटरीत (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात) गाठ. बायॉप्सीचा निकाल आला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ), ग्रेड १, केआय-६७ (वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण) २ टक्के.

बायॉप्सीच्या आधीच एका डॉक्टरांनी साधा पेट-सीटी (शिरेतून किरणोत्सर्गी औषध देऊन काढतात तो स्कॅन) करून घेतला होता, एफडीजीवाला. त्यात यकृतात 'विशेष अपटेक नाही' (म्हणजे औषध फारसं शोषलं नाही) आणि मेसेंटरीची गाठ जेमतेम. आम्ही घरात सगळे खूश झालो होतो. आता ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात, तो रिपोर्ट बाजूला ठेवा, गॅलियम-६८ डोटाटेट पेट करून या.

एकच आजार, एकच मशीन, मग दोन पेटमध्ये इतका काय फरक? पुन्हा किरणोत्सर्ग आहेच. शिवाय तिला त्रास आवरायला लॅनरिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन सुरू झालंय, ते थांबवावं लागतं असं कुणी म्हणालं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी लिहा प्लीज.

कुंपणावरचा
वाचतोय. इरफान खानने मार्च २०१८मध्ये जाहीर केलं तेव्हा या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. काकूंना लवकर आराम पडो.

शंकेखोर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एक पेट झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. बायॉप्सीत निदान पक्कं झालंय ना? मग औषध सुरू करा. फोटोंनी रोग बरा होत नाही.

पेशीपुराण
शंकेखोर, एरवी तुमच्या शंकांना माझं अनुमोदन असतं, इथे नाही.

रानजाईताई, मशीन एकच, पण मशीन फक्त बघतं. काय बघायचं ते शिरेतून दिलेलं औषध ठरवतं. एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. ज्या पेशी हावरटासारखी साखर खातात त्या उजळतात. ग्रेड १चा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर संथ वाढतो, त्याची साखरेची भूक शेजारच्या चांगल्या यकृताइतकीच. त्यामुळे डाग असूनही यकृत एकसारखं दिसतं. तुमचा पहिला रिपोर्ट खोटा नाही, पण त्यावरून यकृत स्वच्छ आहे असं धरता येत नाही.

यातल्या बहुतेक ट्यूमरच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे ते चिकटायच्या जागा, खच्चून भरलेले असतात. त्यांचे पाच प्रकार, त्यातला दुसरा इथे सगळ्यात महत्त्वाचा. डोटाटेट हा सोमॅटोस्टॅटिनसारखा बनवलेला छोटा पेप्टाइड. एका टोकाने तो रिसेप्टरला चिकटतो, दुसऱ्या टोकाला डोटा नावाचा रेणू असतो, तो गॅलियमच्या अणूला घट्ट धरून ठेवतो. चिकटला की पेशी त्याला आत ओढून घेते. म्हणजे पहिल्या पेटने विचारलं, साखर कोण खातंय? दुसरा विचारेल, रिसेप्टर कुठे कुठे आहेत? तुमच्या आईच्या बाबतीत दुसरा प्रश्न कामाचा.

टिंबटिंब
पाच नंबरी प्रतिसाद. असं ओपीडीत कुणी का सांगत नाही?

पेशीपुराण
बाहेर चाळीस जण बसलेले असतात म्हणून.

निवृत्त_वाघ
मी या आजाराचा जुना भिडू. माझा पहिला स्कॅन किरणोत्सर्गी इंडियमचा होता, ऑक्ट्रिओस्कॅन. आज इंजेक्शन, चार तासांनी फोटो, रात्री पोट साफ व्हायचं औषध, उद्या परत फोटो. टेबलावर निपचित पडायचं आणि कॅमेरा नाकाच्या टोकापर्यंत खाली यायचा. एवढं करून चित्र म्हणजे धुक्यात कंदील. 'यकृतात काहीतरी आहे' इतपतच कळायचं. नंतर गॅलियमवाला केला तर एका बैठकीत काम संपलं, आणि आधी कुणालाच न दिसलेल्या बारीक लिम्फ नोडसुद्धा दिसल्या. ताई, अजिबात का-कू करू नका.

बोरूबहाद्दर
वाघकाकांनी इंडियम काढलंच आहे तर थोडा इतिहास. या ट्यूमरना कार्सिनॉइड हे जुनं नाव १९०७मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन पॅथॉलॉजिस्टने दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखं दिसूनही हे ट्यूमर सौम्य वागतात असं त्याला वाटलं. पुढे त्याने स्वतःच ते मत बदललं. सोमॅटोस्टॅटिन सापडलं १९७३मध्ये, शास्त्रज्ञ गियमाँ यांच्या प्रयोगशाळेत. पण ते रक्तात दोन-तीन मिनिटांत नष्ट होतं, म्हणून टिकाऊ नक्कल हवी होती. ती म्हणजे ऑक्ट्रिओटाइड. त्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून रॉटरडॅमचे संशोधक क्रेनिंग आणि मंडळींनी १९८९मध्ये माणसांतले ट्यूमर दाखवले. मग इंडियम-१११, त्याला अमेरिकेत १९९४मध्ये मान्यता. गॅलियम डोटाटेटला २०१६, डोटाटॉकला २०१९ आणि कॉपर-६४वाल्या डोटाटेटला २०२०. अर्थात युरोपात गॅलियमवर काम कितीतरी आधीपासून चालू होतं. परवानगीचा कागद नेहमीच उशिरा येतो.

खडूस_मांजर
डोटाटेट, डोटाटॉक, डोटानॉक. नावं ठेवणाऱ्याला तिळं झाली होती का?

गॅमाराव
खडूस_मांजर :)) तिघांचाही डोटा एकच, फक्त पेप्टाइडमध्ये किंचित फरक. डोटानॉक दुसऱ्याबरोबर तिसऱ्या आणि पाचव्या रिसेप्टरलाही धरतो, डोटाटेट दुसऱ्याला जास्त घट्ट. ज्या सेंटरला जो बनवता येतो तो ते वापरतं. पेशंटला 'तोच हवा' म्हणून अडून बसायची गरज नाही.

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, तर आतली गोष्ट सांगतो. गॅलियम-६८चं अर्धायुष्य ६८ मिनिटं. ते बाहेरून मागवून ठेवता येत नाही, तिथल्या तिथे काढावं लागतं. त्यासाठी जर्मेनियम-६८चा जनरेटर असतो, शिशाच्या जाड आवरणात बंद केलेला छोटा स्तंभ. जर्मेनियमचं अर्धायुष्य २७१ दिवस, ते आत बसून सतत गॅलियम तयार करत राहतं. सकाळी त्यातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं की गॅलियम उतरतं आणि जर्मेनियम स्तंभालाच चिकटून राहतं. आम्ही याला जनरेटर मिल्क करणं म्हणतो. मग ते पेप्टाइडबरोबर तापवायचं, गाळायचं, शुद्धता तपासायची आणि मग सिरिंज भरायची. या सगळ्यात घड्याळ पळत असतंच. म्हणून सेंटरवाले सांगतात की दिलेल्या वेळेला हजर राहा. पेशंट तासभर उशिरा आला तर त्याच्या वाट्याचं जवळपास निम्मं औषध हवेत गेलेलं असतं.

खडूस_मांजर
म्हणजे गॅमाराव मूळचे गवळी!

गॅमाराव
अगदी. सकाळची धार काढली की चार तासांत पुन्हा नव्वद टक्के भरतं, दुपारची धार वेगळी. फरक एवढाच की आमची म्हैस वर्षभरात आटते आणि मग ती कंपनीला परत.

शंकेखोर
विनोद झाले. किरणोत्सर्गाचं काय? दोनदा पेट, दोनदा सीटी, वर बायॉप्सीच्या आधीचा सीटी. त्याचं कुणी बोलेना.

गॅमाराव
बोलतो की. गॅलियम डोटाटेटच्या इंजेक्शनमुळे साधारण ३ ते ५ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाचं माप) डोस मिळतो. पृथ्वीवर नुसतं राहण्याचे जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. जुन्या इंडियम स्कॅनला १२च्या आसपास जायचे, म्हणजे नवा प्रकार त्या मानाने हलका. सोबतचा सीटी कसा काढतात त्यावर एकूण बेरीज ठरते. नुकताच चांगला कॉन्ट्रास्ट सीटी झाला असेल तर पेटबरोबर लो-डोस सीटी पुरेल का, हे जरूर विचारा. हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

शंकेखोर
हे पटलं. पहिल्या प्रतिसादातलं 'फोटोंनी रोग बरा होत नाही' मात्र मागे घेणार नाही.

झेब्रापट्टे
शंकेखोर, इथे तर फोटोवरूनच उपचार ठरतो. त्याच पेप्टाइडला गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडलं की ते औषध होतं. गॅलियमचे किरण चित्र काढायला, ल्युटेशियमचे बीटा कण पेशी मारायला. पत्ता तोच. जिथे गॅलियम पोचलं तिथे ल्युटेशियम पोचणार, म्हणून स्कॅन आधी. २०१७ला छापून आलेल्या नेटर-१ चाचणीत, लहान आतड्याकडच्या पसरलेल्या ट्यूमरमध्ये, वीस महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ल्युटेशियम गटात सुमारे ६५ टक्के होतं आणि नुसत्या वाढीव ऑक्ट्रिओटाइडच्या गटात सुमारे ११ टक्के. २०१८च्या जानेवारीत अमेरिकेत मान्यता मिळाली. मी स्वतः हे उपचार घेतलेत. ७.४ गिगाबेकरेलचा एक डोस, आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने असे चार.

आणि रानजाई, एक आधीच सांगून ठेवते. रिपोर्टमध्ये 'तीव्र अपटेक' असं वाचलं की काळजात धस्स होतं. मी तर रिपोर्ट हातात घेऊन जिन्यातच बसले होते. आमच्या आजारात गाठ लख्ख दिसणं म्हणजे रिसेप्टर भरपूर, म्हणजे ल्युटेशियमचा पर्याय खुला. आजार उग्र आहे असा त्याचा अर्थ नाही. घाबरायचं ते गाठ सीटीत असून इथे काळी दिसली तर.

ओलेती_पाने
झेब्रापट्टे म्हणतात त्याची दुसरी बाजू आमच्या घरात पाहिली. माझ्या दिराचा ट्यूमर स्वादुपिंडाचा, ग्रेड ३. डोटाटेटमध्ये यकृतातल्या निम्म्या गाठी अंधारात आणि एफडीजीत त्याच गाठी पेटलेल्या. म्हणजे पेशींनी रिसेप्टर सोडले आणि साखरेवर तुटून पडल्या. आम्ही ल्युटेशियमची आशा धरून बसलो होतो, पण डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावून दाखवले आणि केमोच का ते समजावलं. तेव्हा रानजाई, तुमचा आधीचा एफडीजी 'वाया गेला' असं मनात आणू नका. त्यात फारसं काही न दिसणं हीसुद्धा चांगली बातमी आहे.

पेशीपुराण
ओलेती_पाने यांना +१. एकाच माणसाच्या दोन गाठी दोन तऱ्हेने वागू शकतात. बायॉप्सी एका गाठीचा एक तुकडा बघते, स्कॅन सगळ्या शरीराला विचारून येतो.

मेधाविनी
प्रश्न जरा वेगळा आहे. माझ्या भाचीला फिओक्रोमोसायटोमा (अॅड्रिनल ग्रंथीची गाठ) सांगितलाय. तिला एमआयबीजी स्कॅन लिहून दिलाय, डोटाटेट नाही. हा त्यातलाच प्रकार का?

गॅमाराव
चुलत भाऊ म्हणा. एमआयबीजी हा नॉरॲड्रेनॅलिनसारखा रेणू, त्याला आयोडीन-१२३ जोडलेलं असतं. अॅड्रिनलच्या त्या पेशी नॉरॲड्रेनॅलिन समजून तो आत घेतात. तयारी मात्र जास्त. सुटं आयोडीन थायरॉइडमध्ये शिरू नये म्हणून आधी आयोडीनचे थेंब किंवा गोळ्या देतात. काही औषधं अपटेक अडवतात, उदाहरणार्थ लॅबेटॅलॉल, काही नैराश्याच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन. तेव्हा भाची घेते त्या सगळ्या गोळ्यांची यादी सेंटरला आधी द्या. पण बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही, या आजारात ते जिवावर बेतू शकतं.

पेशीपुराण
भर घालतो. एसडीएचबी या जनुकात दोष असेल किंवा गाठ मानेतली पॅरागँग्लिओमा (त्याच जातीची, पण अॅड्रिनलबाहेरची) असेल तर डोटाटेट सहसा जास्त दाखवतो. जनुकीय तपासणी झालीये का, ते विचारा.

मेधाविनी
झालेली नाही. विचारते. दोघांचेही आभार.

कुंपणावरचा
आणि इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन सोडणारी गाठ? ऑफिसातल्या एकाची साखर उपाशीपोटी ४०वर जायची, डोटाटेटमध्ये काहीच सापडलं नाही. सगळे म्हणाले, मनाचे खेळ आहेत.

पेशीपुराण
चाळीसची साखर मनाने होत नाही हो! साध्या, न पसरलेल्या इन्सुलिनोमावर दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर बऱ्याचदा कमीच असतात, त्यामुळे डोटाटेट हुकतो. तिथे जीएलपी-१ या दुसऱ्या संप्रेरकाचे रिसेप्टर भरपूर, म्हणून त्यांना चिकटणाऱ्या एक्सेंडिन-४ला गॅलियम जोडून पेट करतात. सगळ्या सेंटरवर नसतो. एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफीही छोट्या गाठी चांगल्या पकडते.

निवृत्त_वाघ
'काहीच नाही'चा किस्सा झाला, आता 'भलतंच आहे'चा ऐका. माझ्या मेहुण्याला भलत्याच कारणासाठी सीटी केला तर स्वादुपिंडाच्या शेपटाला सव्वा सेंटिमीटरची गोळी. डोटाटेटमध्ये ती अशी चमकली की शस्त्रक्रियेची तारीख ठरली. शेपूट काढायचं, सोबत प्लीहाही. दुसऱ्या मतासाठी गेलो तिथले डॉक्टर बराच वेळ स्क्रीनवर गोळीचा आणि प्लीहेचा रंग आलटून-पालटून बघत बसले. म्हणाले, या दोघी बहिणी वाटतात. मग रक्तातल्या लाल पेशी काढून, तापवून मुद्दाम खराब करून, त्यांना टेक्नेशियम लावून परत शिरेत सोडल्या. खराब पेशी गोळा करणं हे प्लीहेचं काम. त्या गोळीनेही गोळा केल्या. म्हणजे ट्यूमर नव्हताच, जन्मापासून स्वादुपिंडात अडकून राहिलेला प्लीहेचा तुकडा होता. शस्त्रक्रिया रद्द.

टिंबटिंब
बाप रे. सव्वा सेंटिमीटरसाठी प्लीहा गेली असती.

गॅमाराव
वाघकाकांनी सांगितलेला सापळा आमच्याकडे चांगला माहीत आहे. सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर निरोगी अवयवांतही असतात. प्लीहा सगळ्यात लख्ख, मग मूत्रपिंडं, अॅड्रिनल, पिट्युटरी, यकृत. स्वादुपिंडाच्या डोक्याचा मागचा कोपरा, अनसिनेट प्रोसेस, तोही पुष्कळांत उगाच उजळतो. मेंदूच्या आवरणातली मेनिंजिओमा, सुजलेल्या लिम्फ नोड, हेही दिसतात. म्हणून रिपोर्ट वाचणारा अनुभवी हवा. मशीन किती नवं हे नंतर.

रानजाई
एका दिवसात इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. माझा इंजेक्शनचा प्रश्न मात्र म्हशींच्या गर्दीत हरवला :) लॅनरिओटाइड थांबवायचं की नाही? आणि घरात माझी पाच महिन्यांची मुलगी आहे, आई तिला घेतल्याशिवाय राहत नाही.

झेब्रापट्टे
लॅनरिओटाइडही त्याच रिसेप्टरला चिकटतं, म्हणून ही शंका. माझ्या सेंटरने सांगितलं होतं, पुढचा डोस द्यायच्या अगदी आधी स्कॅन. म्हणजे महिना भरत आलेला असतो, औषध उतरलेलं असतं आणि डोसही चुकत नाही. रोजचं छोटं ऑक्ट्रिओटाइड असेल तर एक दिवस आधी बंद. मुद्दाम महिनाभर पुढे ढकलू नका, चेहरा लाल होणं आणि जुलाब दुप्पट उसळतात.

पेशीपुराण
सहमत. खरं तर पूर्वी जितकी भीती घालायचे तितकी आता राहिलेली नाही. लांब टिकणारं इंजेक्शन चालू असताना केलेल्या स्कॅनमध्ये यकृत आणि प्लीहा फिकी पडतात, ट्यूमरचा अपटेक फारसा घटत नाही, असं अभ्यासांत दिसलंय. तरी सेंटर जे सांगेल तेच पाळा, आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला शेवटच्या इंजेक्शनची तारीख कळली पाहिजे.

गॅमाराव
बाळाचं सांगतो. गॅलियम सात तासांत दोन टक्क्यांच्याही खाली येतं, बारा तासांनी मोजण्यासारखं उरत नाही. तेवढा वेळ आजीने नातीला कडेवर घेऊ नये, दुसऱ्या दिवशी खुशाल घ्यावं. भरपूर पाणी पिणं आणि वारंवार लघवीला जाणं, कारण औषध लघवीतूनच बाहेर पडतं. कॉपर-६४वाला असता तर अर्धायुष्य १२.७ तास, मग जरा जास्त जपावं लागलं असतं. त्याचा फायदा असा की लांबच्या सायक्लोट्रॉनमधून मागवता येतो, घरची म्हैस लागत नाही.

खडूस_मांजर
अंधारात आजी चमकणार नाही ना, तेवढं कन्फर्म करा. नातीला झोप लागायची नाही.

रानजाई
अपडेट. स्कॅन झाला. इंजेक्शन शिशाच्या डबीतून आणलं आणि सिरिंजवरही धातूचं जाड आवरण होतं. आई म्हणाली, एवढीशी सुई आणि केवढा बंदोबस्त! मग तासभर वेगळ्या खोलीत बसवलं, फोटोला वीसेक मिनिटं.

रिपोर्टमध्ये मेसेंटरीची गाठ क्रेनिंग स्कोअर (गाठ किती उजळली त्याचं माप) ४. यकृतात सीटीला मोजल्या होत्या त्याहून जास्त जागा आहेत. आतड्यात एक छोटी जागा उजळली, मूळ ट्यूमर बहुधा तिथला असं लिहिलंय, ती आधीच्या कुठल्याच तपासणीत नव्हती. एका बरगडीतही ठिपका आहे. 'तीव्र अपटेक' वाचून धस्स झालंच, पण झेब्रापट्टेंचा प्रतिसाद आठवला. आता सर्जन, ऑन्कॉलॉजिस्ट आणि न्यूक्लिअरवाले एकत्र बसून ठरवणार आहेत.

झेब्रापट्टे
स्कोअर ४ म्हणजे प्लीहेपेक्षाही लख्ख. ल्युटेशियमचा विषय बैठकीत निघेलच. बरगडीच्या ठिपक्यावर आत्ता फार विचार करू नका. एकुलता ठिपका जुन्या फ्रॅक्चरचाही असू शकतो. आई कधी पडल्या होत्या का, ते सांगा त्यांना.

रानजाई
पडली होती! बाथरूममध्ये, मागच्या वर्षी. बाजू तीच. सांगते उद्या.

शंकेखोर
मूळ ट्यूमर सापडला हे मोठं काम झालं. बैठकीत काय ठरतं ते लिहा.

गॅमाराव
रानजाईताई, एक काम आजच करून टाका. नुसता छापील रिपोर्ट घेऊ नका, सगळ्या इमेजेसची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. आणि पुढचा फॉलोअप शक्यतो याच सेंटरला, डोटाटेटवरच करा. डोटाटेटचे आकडे डोटानॉकच्या आकड्यांशी लावून गाठ वाढली की घटली हे सांगता येत नाही, आणि मग घरी पुन्हा सगळे जागे.